चोवीस पुस्तकं की एक गाव?

"चोवीस? बरं. पण कोणती चोवीस?"

येत्या वर्षात चोवीस पुस्तकं वाचायची असं मी ठरवलंय, हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हा होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडा ठरला होता, पुस्तकं ठरायची होती.

मामांची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून झाली. मी कल्याणहून दादरला लोकलने जाते-येते आणि बँकेत काम करते. वाचनाचं वेड दोघांनाही आहे, पण वाचनाला लक्ष्य असावं का, यावर आमचं एकमत कधी झालं नाही. नाताळच्या सुट्टीत तोच विषय निघाला आणि सुट्टी संपेपर्यंत पुरला. जानेवारी तोंडावर आला की माझ्यासारखे कितीतरी जण वहीत, नाहीतर फोनमधल्या ॲपवर असा आकडा लिहून ठेवतात. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी कामी येईल म्हणून आमचं बोलणं इथे मांडते आहे. मी आकड्याच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते.

"कोणती ते हळूहळू ठरेल," मी म्हटलं. "आधी आकडा हवा. तो नसला की काय होतं ते मला ठाऊक आहे. संध्याकाळी घरी येते, जेवणखाण आवरतं, आणि फोन हातात येतो तो झोपेपर्यंत सुटत नाही. पुस्तक उशाशी असतं. आज नाही तर उद्या, असं करत तिथेच राहतं. वर्षाला चोवीस म्हणजे महिन्याला दोन. वीस तारीख उलटली की आठवतं, दुसरं पुस्तक अजून उघडलेलंच नाही. मग फोन बाजूला पडतो."

"म्हणजे आकडा तुला धाक घालतो."

"धाक म्हणा, आठवण म्हणा. पण तो मी हवेतून काढलेला नाही. लोकलमध्ये आणि रात्री मिळून माझी रोज वीस पानं होतात. वर्षाची झाली ७,३०० पानं. एक पुस्तक २५० पानांचं धरलं तर एकोणतीस पुस्तकं होतात. आजारपणं, लग्नकार्यं, बँकेतली मार्चअखेर यांचे दिवस वजा केले आणि चोवीस धरली."

मामांनी वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार-भागाकार करून पाहिला. हिशोब बरोबर होता. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण तू २५० पानांचं पुस्तक धरलंस. आता नेमाड्यांचं 'हिंदू' घे. सहाशे पानं. त्याला तुझा महिना जाणार आणि वहीत नोंद एकच. रंगनाथ पठाऱ्यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' तर त्याहून मोठं. ऑक्टोबर आला, पाच-सहा पुस्तकं मागे पडली, तर तू यातलं एक तरी हातात घेशील?"

"ऑक्टोबरमध्ये नाही घेणार. पण त्याला दुसरंही कारण आहे. मी उभ्याने वाचते, मामा. एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि पान उलटायचं ते त्याच हाताच्या अंगठ्याने. ठाण्याला लोंढा आत शिरला की कोपर छातीशी घ्यावं लागतं. तसं धरून 'हिंदू' कसं वाचणार? म्हणून गाडीत मी 'रणांगण'सारखं लहान पुस्तक नेते, नाहीतर फोनवर ई-पुस्तक वाचते."

"'रणांगण' लहान आहे म्हणून नेलंस?"

मामांचा आवाज चढला नव्हता, पण ते दुखावले हे कळलं. 'रणांगण' हे त्यांचं फार जवळचं पुस्तक. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ची. युरोपात युद्ध तोंडावर आलेलं, जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू बोटीवर आहेत आणि त्याच बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा भेटतात. बंदर येईल तेवढाच त्यांचा काळ. "एका बैठकीत वाचून होतं," मामा म्हणाले, "पण ते मिटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लगेच पुढचं पुस्तक उघडवत असेल, तर ते वाचलं असं मी नाही म्हणणार. चार दिवस दुसरं काही वाचू नये असं वाटलं पाहिजे. तुझ्या हिशोबात त्या चार दिवसांना जागा कुठे आहे?"

"ते चार दिवस तुम्हाला मिळाले, मामा. पुस्तकांत बसणं हेच तुमचं काम होतं. घरातली बाई पुस्तक मिटून खिडकीशी विचार करत बसली तर तिला लगेच हाक येते, कारण ती रिकामी दिसते. पुस्तक उघडं असलं तर निदान काहीतरी चाललंय असं वाटतं. आणि त्यातही 'मला हे महिनाअखेरीपर्यंत संपवायचंय' असं सांगितलं की घरातले अर्धा तास सोडतात. नुसतं 'वाचायला आवडतं' म्हणून कोणी सोडत नाही. आकडा मला कारण देतो."

मामा यावर काही बोलले नाहीत. बोलल्या त्या मामी. तांदूळ निवडता निवडता त्या ऐकत होत्या.

"ती खरं बोलतेय. आमच्या सासूबाई चातुर्मासात पोथी वाचायच्या. एक वर्ष 'हरिविजय', एक वर्ष 'पांडवप्रताप'. दुपारची भांडी झाली की पाट मांडून बसायच्या, आणि अध्याय संपेपर्यंत त्यांना हाक मारायची घरात कोणाची टाप नव्हती. मामंजींनासुद्धा नाही. एरवी त्या बाईला दिवसभरात बसलेलं मी पाहिलं नाही. तो तेवढा तास त्यांचा. पोथी देवाची होती म्हणून मिळाला."

मला हा मुद्दा फार मोठा वाटतो. आकड्याच्या बाजूने मी जे काही बोलत होते त्याच्या मुळाशी मामींनी सांगितलेली हीच गोष्ट आहे. आपल्याकडे बायकांना, कष्टकऱ्यांना, मोठ्या कुटुंबात राहणाऱ्या कोणालाही वाचायचा वेळ आयता मिळालेला नाही. तो कशाच्या तरी आडोशाने मिळवावा लागला. कोणाला व्रताचा आडोसा, कोणाला परीक्षेचा. माझा आडोसा चोवीसचा.

मामांना मात्र पोथीने वेगळी वाट दाखवली. "बघ," ते म्हणाले, "नेम कशाचा होता? 'हरिविजया'चे अध्याय छत्तीस. रोज एक. 'दासबोधा'चे वीस दशक, दोनशे समास. रोज एक समास वाचणारी माणसं अजून आहेत. 'ज्ञानेश्वरी'च्या नऊ हजार ओव्या सप्ताहात सात दिवसांत वाचतात, पण वर्षभर रोज पंचवीस ओव्या म्हणणारेही असतात. त्यांचंही वर्षात पारायण होतं. नेम रोजच्या वाट्याचा होता. वर्षात किती पोथ्या झाल्या हे कोणी विचारत नव्हतं."

"विचारतात की! 'तुमची किती पारायणं झाली?' हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. एकशे आठ पारायणांचे संकल्प सोडतात लोक. सप्ताहात तर काही जण ओव्या अशा पळवतात की ऐकणाऱ्याला एक शब्द लागत नाही."

"पळवतात. बरोबर आहे तुझं." मामांनी सरळ मान्य केलं. "पण पोथी तीच असते ना? दहाव्यांदा वाचताना तरी एखादी ओवी अडवते. मोजायचंच असेल तर एक पुस्तक किती वेळा वाचलं ते मोज. तुझ्या वहीत दुसऱ्यांदा वाचलेलं पुस्तक लिहितेस?"

मी लिहीत नाही. माझ्या वहीत चार रकाने आहेत: पुस्तक, लेखक, संपल्याची तारीख, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून घेतलं. पुन्हा वाचलेल्या पुस्तकाला त्यात जागा नाही, कारण ते आधीच्या कुठल्या तरी वर्षात मोजून झालेलं असतं.

मामा उठले आणि कपाटातून 'स्मृतिचित्रे'ची एक प्रत घेऊन आले. वाचनालयाने निर्लेखित केलेली प्रत, पहिल्या पानावर दाखल क्रमांकावर आडवी रेघ आणि 'रद्द' असा शिक्का. पुस्तकाची बांधणी दोनदा केलेली, कडा कापताना समासही कापला गेलेला. मामांनी शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली होती. ती भरल्यावर तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशी तो कोपरा पुठ्ठ्यासारखा जाड झाला होता. जांभळ्या शाईच्या तारखा, शेजारी सभासद क्रमांक. मामांनी बोट फिरवत एकच क्रमांक मला पुन्हा पुन्हा दाखवला. वरच्या चिठ्ठीवर होता, खालच्या सुटलेल्या कडेखालीही होता.

"शिवणकाम करायच्या त्या बाई. दर एक-दोन वर्षांनी हेच पुस्तक न्यायच्या. मी एकदा विचारलं, दुसरं देऊ का? म्हणाल्या, लक्ष्मीबाईंकडे जाऊन येते जरा. बरं, लक्ष्मीबाई टिळकांना तरी शाळा कुठे होती? घरीच शिकल्या, आणि आयुष्याच्या उतारावर हे लिहिलं. १९३४ ते ३६ मध्ये भाग निघाले. त्या शिवणवाल्या बाईंच्या वहीत वर्षाचा आकडा काय आला असता? पण हे पुस्तक त्यांच्याइतकं कोणाला कळलं असेल?"

"पण तुमच्या वाचनालयाने तर मोजलं ना त्यांना, प्रत्येक वेळी? देवघेवीच्या नोंदवहीत दर वेळी एक आकडा वाढला. शिवाय पंधरा दिवसांची मुदत, उशीर झाला की दंड. हेही लक्ष्यच झालं."

"झालं. आणि म्हणूनच माझा आकड्यांवर विश्वास नाही." मामा खुर्चीत पुढे सरकले. "१९६७ चा ग्रंथालय कायदा आला, मग वाचनालयांचे अ, ब, क, ड वर्ग झाले, वर्गाप्रमाणे अनुदान. ग्रंथ किती, सभासद किती, वर्षभरात देवघेव किती, हे सगळं मी इमानाने लिहिलं, कारण त्यावर वाचनालय चालायचं. पण नेलेलं पुस्तक घरी उघडलं की नाही, हे त्या तक्त्यात लिहायला रकाना नव्हता. 'मृत्युंजय'च्या प्रती फाटेपर्यंत फिरल्या, तर एखादं चांगलं पुस्तक दहा वर्षांत एकदाच बाहेर गेलं. त्या एका वाचकाला मी विसरलेलो नाही, तक्त्याला तो दिसतच नव्हता. संस्थेला आकडा लागतो, पोरी. माणसाने स्वतःच्या वाचनाचा वार्षिक अहवाल कशाला काढायचा?"

याला माझं उत्तर तयार होतं. अहवालात दोष दिसतात, म्हणून काढायचा. वर्षाच्या शेवटी मी वही चाळते तेव्हा आपण काय वाचलं नाही ते कळतं. कवितासंग्रह जवळजवळ नाहीत. विदर्भातले, मराठवाड्यातले लेखक क्वचित. कन्नडमधून, बंगालीतून आलेलं काही नाही. डोक्यात आपली समजूत अशी असते की आपण चौफेर वाचतो. वही ती समजूत टिकू देत नाही. नोंद न ठेवणारा माणूस आवडीच्या चार लेखकांभोवती वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि त्यालाच व्यासंग म्हणतो. हे मी मामांना तोंडावर सांगितलं. त्यांनी न रागावता विचारलं, "कवितासंग्रह का नाहीत, त्याचं कारण वहीत आहे का?"

कारण मला माहीत होतं. कविता कधी 'संपते' ते ठरवता येत नाही. अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' घेऊन बसले होते. २००३ साली आलेलं हे जाडजूड पुस्तक. जगभरातल्या, पुराणांतल्या आणि इतिहासातल्या बायकांचं दुःख त्यात एकामागून एक समोर येतं. सलग वाचायला गेलं तर गुदमरायला होतं. एक कविता वाचून थांबायचं, त्या बाईची कथा कुठे मिळते का पाहायचं, परत यायचं. संपल्याची तारीख काय लिहू? म्हणून ते पुस्तक नोंदीतून सुटलं आणि हळूहळू हातातूनही सुटलं. दिवाळी अंकांचंही असंच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या वाचनाचा मोठा हिस्सा दिवाळी ते होळी असा चालत आला आहे. वाचनालयं ठरावीक वर्गणी घेऊन अंकांची योजना चालवतात, एक परत करायचा नि दुसरा न्यायचा, आणि फाल्गुनापर्यंत घरात अंक फिरत असतात. पण अंक म्हणजे पुस्तक नव्हे, म्हणून तो मोजला जात नाही, आणि मोजला जात नाही म्हणून डिसेंबरात, आकडा गाठायच्या घाईत, बाजूला पडतो. नव्या कथालेखकाचं नाव आपल्याला पहिल्यांदा कळतं ते मात्र या अंकांतूनच. इथे मामांची बाजू मला पूर्ण पटते.

ऐकलेल्या पुस्तकाबद्दल मात्र आमच्या भूमिका उलट्या झाल्या. स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात. माझी मैत्रीण पोळ्या करताना ऐकते आणि ती मोजते. मला ते चालत नाही. मामा म्हणाले, "का नाही? आई 'हरिविजय' वाचायची तेव्हा ओसरीवर आठ-दहा बायका ऐकायला असायच्या. त्यातल्या किती जणींना अक्षर येत होतं? त्यांच्यापर्यंत 'हरिविजय'कार श्रीधर पोचला तो कानांनीच. ऐकलेलं धर." मी अजून धरलेलं नाही.

शेवटी मामांनी तो सुरुवातीचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला. "वर्ष संपेल तेव्हा तुला काय कळलेलं असायला हवंय? आत्ता कळत नाही असं काय आहे?"

मी थोडा वेळ घेतला. मग म्हटलं, "गाव. सुट्टीत मी इथे यायची, पण ते आजोळ होतं. विहीर, आंबे, लाड. गाव कसं चालतं ते मला माहीत नाही. शेतीची बातमी वाचते तेव्हा मला अर्धंच समजतं."

"मग त्याचं वर्ष कर."

यानंतरची बैठक आमच्या सगळ्या वादातली सगळ्यात चांगली झाली. मामांनी सुरुवात केली ती 'गावगाडा'पासून. त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५ सालचं पुस्तक. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाने गाव जवळून पाहून लिहिलेलं. पाटील, कुलकर्णी, गावाची कामं करणारे कारू-नारू, कोणाचं काम काय, कोणाचा हक्क किती, आणि पिकलेल्या धान्यावर किती जणांचा डोळा, याचा बारकाईने मांडलेला तपशील. कुणब्याच्या खळ्यावरून किती हात धान्य उचलतात, हे आत्र्यांना फार लागलेलं आहे.

"आणि ते संपलं की लगेच दया पवारांचं 'बलुतं'," मामा म्हणाले. "१९७८. मध्ये दुसरं पुस्तक नको. आत्रे खळ्यावर उभे राहून पाहतात, की हा आला मागायला, तो आला मागायला. 'बलुतं'मध्ये मागायला आलेल्याच्या घरातून तेच खळं दिसतं. गावकीची कामं कोणती करावी लागत होती, त्या बदल्यात मिळणारं धान्य कसं मिळत होतं, कोणत्या शब्दांत मिळत होतं. आत्र्यांना ते ओझं वाटलं होतं. इथे कळतं की ते मजुरीसुद्धा नीट नव्हती. एकटं 'गावगाडा' वाचलंस तर गाव म्हणजे एक चोख व्यवस्था वाटेल. दोन्ही एका महिन्यात वाचलीस तर आयुष्यभर त्या व्यवस्थेकडे तसं पाहणार नाहीस."

मी हे लिहून घेतलं. पुस्तकं अशी एकमेकांसमोर ठेवायची असतात हे मला वर्षाला अमुक पुस्तकं वाचण्याच्या कोणत्याही आव्हानाने शिकवलं नव्हतं. तिथे ही दोन पुस्तकं म्हणजे 'दोन'. ती एकमेकांना उत्तर देतात, हे त्या दोनमध्ये दिसत नाही. शिवाय 'बलुतं'ची रचनाच बोलण्याची आहे: दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. गावात आणि मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला दगडू, आणि शिकून पांढरपेशा झालेला लेखक, दोघं एकच माणूस.

यादी भराभर वाढली. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' आणि 'बनगरवाडी'. धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला गेलेला कोवळा मास्तर आणि शेवटी दुष्काळाने उठून गेलेली वाडी. उद्धव शेळक्यांची 'धग', विदर्भातल्या कौतिकची. आनंद यादवांचा 'गोतावळा', ज्यात शेतावर ट्रॅक्टर येतो आणि जनावरांबरोबर शेतगडी नारबाचीही गरज संपते. रा. रं. बोराड्यांचा 'पाचोळा'. विश्वास पाटलांची 'झाडाझडती', धरणाखाली गेलेल्या गावांची. सदानंद देशमुखांचं 'बारोमास', शिकलेला मुलगा नोकरीविना शेतात परततो त्याची गोष्ट.

"मामा, यात लिहिणारी बाई एकही नाही."

त्यांनी यादी वरून खाली पाहिली. "नाही खरी."

"हे मला वहीमुळे दिसतं," मी म्हटलं, आणि बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवारांचं 'आयदान' लिहिलं. पाणवठ्यावरचं, चुलीपाशीचं, बाळंतिणीच्या खोलीतलं गाव या दोघींशिवाय कळणार नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं गाव बेबीताईंच्या पुस्तकात, कोकणातलं ऊर्मिलाताईंच्या. बाई गावगाड्याच्या कितव्या पायरीवर होती, आणि तिच्यातही महाराची बाई कितव्या, हे आत्र्यांच्या तपशिलात शोधावं लागतं.

मामांनी आणखी एक नाव सुचवलं आणि तिथे आम्ही पुन्हा अडलो. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६ सालचं. मराठी महिन्यांप्रमाणे एकेक लेख, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. "हे पाडव्याला सुरू कर," ते म्हणाले. "महिन्याचा लेख त्या महिन्यात वाचायचा. कल्याणला का होईना, झाड एक तरी असेल खिडकीसमोर. लेख वाचायचा नि त्या झाडाकडे महिनाभर पाहायचं. तेवढ्या महिन्यात त्या पुस्तकातलं दुसरं पान उलटायचं नाही."

"मग ते ३१ डिसेंबरला संपणार नाही."

"नाही संपणार. मार्गशीर्ष-पौषापर्यंत येशील. उरलेलं पुढच्या वर्षी."

"मग ते कोणत्या वर्षात धरायचं?"

"धरायचंच कशाला?"

यावर आमचं जमलं नाही. माझं म्हणणं असं की शेवटची तारीख नसलेलं पुस्तक माझ्या हातून सुटतं. 'भिजकी वही' तशीच सुटली. मला पानाचा, नाहीतर तारखेचा खुंटा लागतो. मामांचं म्हणणं, महिना हाच खुंटा, वेगळा कशाला हवा? मी त्यातून माझ्यापुरता मार्ग काढला: वहीत बारा महिन्यांच्या बारा चौकटी आखल्या, लेख वाचला की त्या चौकटीत खूण. मामांनी त्या चौकटी पाहिल्या आणि म्हणाले, "झालं, आलीसच परत मोजण्यावर." मी म्हटलं, आलेच.

चोवीसचा आकडा मी खोडला. गावाची अकरा पुस्तकं आणि 'ऋतुचक्र', एवढी यादीत आहेत. बाकी जागा मोकळी ठेवली आहे, कारण एका पुस्तकातून दुसऱ्याचं नाव निघतं आणि ते त्याच वेळी वाचायला मोकळीक हवी. रोजची वीस पानं मात्र कायम. त्यावर मी तडजोड करणार नाही, आणि घरातही तसं सांगितलंय: साडेनऊ ते दहा हाक मारू नका. वहीत पाचवा रकाना वाढवलाय, पुन्हा वाचलेल्या पुस्तकांचा. दिवाळी अंकांना मागची चार पानं दिली आहेत. तिथे अंकाचं नाव नाही लिहिणार, आवडलेली कथा आणि तिच्या लेखकाचं नाव लिहिणार.

एक वाद अजून मिटलेला नाही, तो क्रमाचा. मामांना जानेवारीतच 'गावगाडा' हवं आहे, पाया आधी म्हणून. मला भीती आहे ती त्यातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या लांब वाक्यांची आणि महसुली शब्दांची. लोकलमध्ये उभ्याने ती पेलणार नाहीत, आणि पहिल्याच महिन्यात नेम मोडला तर वर्ष गेलं. म्हणून मी 'बनगरवाडी'ने सुरुवात करणार आहे आणि 'गावगाडा' फेब्रुवारीत, रात्रीच्या अर्ध्या तासात, घरी बसून. मामांनी काल फोन करून पुन्हा सांगितलं की ही चूक होतेय, आणि जुन्या महसुली शब्दांचे अर्थ वहीच्या दोन पानांवर लिहून पाठवतो म्हणाले.